कारभाऱ्याची जागा

व्यवस्थापनशास्त्रावर आज पुष्कळ ग्रंथ मिळतात. कारखान्यांना सल्ला देणे हाच आमचा व्यवसाय असल्याने ते आम्हांस वाचावेच लागतात. तथापि पुढारीपणाचा एक मोलाचा धडा आपल्या सुरत शहरानेच घालून दिला आहे आणि त्याची किंमत आपल्या माणसांनीही मोजली आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची उजळणी करू.

सप्टेंबर १९९४ मध्ये तापीच्या पुरानंतर शहरात प्लेगची साथ आली. खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहत असलेल्या वेड रोड परिसरास तिची झळ विशेष लागली. लक्षावधी माणसे शहर सोडून गेली. महापालिका होती, सफाई कामगारही होते. उणे होते ते कारभाराचे.

मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. नोकरवर्ग बहुतांशी तोच राहिला, कामाची रीत मात्र पालटली. शहराच्या सहा विभागांच्या प्रमुखांना खर्चाच्या मंजुरीसह बरेच अधिकार मिळाले. वरिष्ठांनी रोज सकाळी खुर्ची सोडून गल्लीबोळांत हिंडावे आणि दुपारी एकत्र बसून कामाचा आढावा द्यावा, असा दंडक पडला. १९९६ मध्ये 'इन्टॅक' संस्थेने देशातील स्वच्छ शहरांत सुरतेस चंदीगडच्या खालोखाल स्थान दिले.

हाच धडा पांडेसऱ्यातील डाइंग मिलला लावून पाहू. पॉलिएस्टरचे कापड जेट यंत्रात सुमारे १३० अंश सेल्सिअसवर रंगते. समजा, रात्रपाळीत वाफेचा दाब उतरला. उष्णता पुरत नाही, रंग फिका बसतो. यंत्रावरील कारागिरास ही गोष्ट सर्वांच्या आधी कळते. परंतु काम थांबविण्याचा अधिकार त्यास नसेल आणि मास्तरला उठविल्यास बोलणी खावी लागत असतील, तर तो गप्प राहतो. सकाळी सगळा लॉट पुन्हा रंगवावा लागतो. त्याची भरपाई मजुरीतून कापली, तर पुढच्या वेळी तो आणखीच गप्प राहील. अशा ठिकाणी नवे यंत्र आणून दोष जात नाही.

तेव्हा चालकाने तीन गोष्टी कराव्यात. जेथे काम चालते तेथे रोज जावे. जबाबदारी सोपवावी तेथे अधिकारही सोपवावा. आणि सोपविलेल्या कामाचा हिशेब रोजच्या रोज घ्यावा. अधिकार देऊन विसरणे हा निष्काळजीपणाच होय. राव पुढे बदलून गेले, तरी विभागवार कारभाराची रीत राहिली. पुढाऱ्याची खरी परीक्षा त्याच्या पाठीमागेच होते.

आपल्या ट्रस्टमध्येही तीच तीन-चार माणसे वर्षानुवर्षे सर्व कामे ओढतात, आणि तरुण येत नाहीत अशी तक्रारही तीच करतात. वह्यावाटपाचे वा आरोग्यशिबिराचे एक काम येत्या वर्षी तरुण मुलामुलींच्या हाती, खर्चाच्या मुभेसह, सोपवून पाहावे. वडीलधाऱ्यांनी शेजारी उभे राहावे व हिशेब तेवढा पाहावा. आपल्यानंतर संस्था चालावी अशी इच्छा असेल, तर ती आपल्यादेखत दुसऱ्यांनी चालविली पाहिजे.