समुद्रातील जंजिरा

(रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रात जंजिरा किल्ला आहे. हा किल्ला आणि त्याच्या परिसरातील पाहण्यासारखी ठिकाणे यांची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही 'जज़ीरा' हा शब्द वाचला असेल. जज़ीरा म्हणजे बेट. हा अरबी शब्द मराठीत आला आणि 'जंजिरा' झाला. चारही बाजूंनी समुद्र असलेल्या किल्ल्याला मराठीत जंजिरा म्हणतात. चला, आज अशाच एका जंजिऱ्याची सहल करू या.

मुरूडपासून जवळच राजपुरी हे गाव आहे. तेथील धक्क्यावरून होडीत बसा. समोर पाण्यातून वर आलेला काळाभोर तट दिसेल. पण दरवाजा कोठे आहे? होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. दोन बुरुजांच्या आड तो लपलेला आहे. शत्रूला वाट सापडू नये, म्हणून केलेली ही युक्ती!

दरवाजाजवळ एक शिल्प कोरलेले आहे. त्यात वाघासारख्या एका प्राण्याने पंजांखाली हत्ती दाबून धरले आहेत. आत गेलात की मशीद, पडके वाडे आणि जुन्या तोफा दिसतील. 'कलाल बांगडी' ही येथील सर्वांत प्रसिद्ध तोफ. पश्चिमेच्या तटात एक छोटा दरवाजा आहे. त्याला 'दर्या दरवाजा' म्हणतात. संकट आले, तर तेथून थेट समुद्रात निसटता येत असे.

पण सर्वांत मोठे नवल पुढेच आहे. किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. बाहेर खारा समुद्र आणि आत पिण्याचे पाणी! वेढा पडला, तरी आतील माणसे तहानेने व्याकूळ होत नसत.

पूर्वी या बेटावर कोळ्यांची वस्ती होती. चाचे लोकांपासून रक्षण व्हावे, म्हणून त्यांनी लाकडी ओंडक्यांचा मेढेकोट उभारला होता. पुढे बेट निजामशाहीच्या ताब्यात गेले आणि सोळाव्या शतकात दगडी किल्ला बांधला गेला. येथील सिद्दी मूळचे आफ्रिकेतील. ते दर्यावर्दी आणि कडवे लढवय्ये होते. आपल्या पराक्रमाने ते या किल्ल्याचे सत्ताधीश झाले.

छत्रपती शिवाजी महाराजांनी जंजिरा जिंकण्याचे अनेक प्रयत्न केले. त्या काळातील लाय पाटील या शूर कोळ्याची गोष्ट सांगतात. एका रात्री त्याने आपल्या सोबत्यांसह जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. पण मागून येणारे सैन्य वेळेवर पोहोचले नाही. पहाट होऊ लागली, तेव्हा त्यांना परतावे लागले. महाराजांनी त्याच्या धाडसाबद्दल त्याला पालखीचा मान दिला. लाय पाटील नम्रपणे म्हणाला, "आम्ही दर्यावर फिरणारी माणसे. आम्हांला पालखी कशाला?" तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत बांधून देण्यास सांगितले आणि गलबताचे नाव ठेवले 'पालखी'!

१६८२ साली छत्रपती संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालण्यास सुरुवात केली. परंतु मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे ते काम अर्धवट राहिले. जंजिरा अजिंक्यच राहिला. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले.

मुरूडसमोरच्या समुद्रात आणखी एक किल्ला आहे. तो म्हणजे शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग. त्याच्या एका बुरुजावर कमळाच्या पाकळ्यांचा आकार आहे. येथे एक गोष्ट नीट पाहा. लाटांच्या माऱ्याने तटाचे दगड झिजले आहेत, पण दोन दगडांमधला चुना अजून तसाच आहे. तो चुना मळणाऱ्या कारागिरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांचे काम आजही उभे आहे.

राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांचे तीन दगडी घुमट आहेत. मुरूडला नारळी-पोफळीच्या बागा आणि लांबच लांब किनारा आहे. टेकडीवरचा नवाबांचा राजवाडा रस्त्यावरूनही दिसतो. जवळच फणसाडचे अभयारण्य आहे. एके काळी हे नवाबांचे शिकारीचे रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. आता तेथे बंदुकीचा आवाज नाही. झाडावरून उड्या मारणारे शेकरू मात्र दिसते.

मित्रांनो, तोफांनी जो तट पडला नाही, तो आज कशाने पडत आहे? दगडांच्या फटींत झाडे उगवतात. त्यांची मुळे तट फोडतात. काही लोक भिंतींवर आपली नावे कोरतात आणि तलावात कचरा टाकतात. कोळ्यांचे कष्ट, सिद्द्यांची जिद्द आणि मराठ्यांचे धाडस या साऱ्यांची आठवण हा परिसर सांगतो. हा वारसा आपणा सर्वांचा आहे. म्हणून जंजिरा पाहायला अवश्य जा; पण तेथे आपले नाव कोरू नका.

शब्दार्थ

तट – किल्ल्याची भिंत
चाचे – समुद्रावर लूटमार करणारे
मेढेकोट – लाकडी ओंडक्यांची तटबंदी
दर्यावर्दी – समुद्रावर फिरणारा
गलबत – शिडाचे जहाज
अजिंक्य – जिंकता न येणारा
शेकरू – मोठी खार

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) 'जंजिरा' हा शब्द कोणत्या शब्दावरून आला?
(आ) दर्या दरवाजाचा उपयोग काय होता?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तर लिहा.
(अ) लाय पाटलाला पालखी का नको होती?
(आ) किल्ल्यातील तलावांचे महत्त्व काय?

३. 'किल्ला', 'बुरूज', 'तोफ', 'दरवाजा', 'दर्या' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा व वाक्यांत वापरा.