अदृश्य पाणपोई

उन्हाळ्याच्या दिवसांत रस्त्याच्या कडेस, देवळाच्या ओसरीजवळ किंवा बाजारपेठेच्या तोंडाशी पाणपोई घालण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आहे. मांडवाच्या सावलीत वाळूवर रांजण मांडलेले असतात, त्यांभोवती ओले फडके गुंडाळलेले असते आणि शेजारी लांब दांड्याचे ओगराळे ठेवलेले असते. वाटसरू येतो, ओंजळ पुढे करतो, तृषा शांत करतो आणि पुढच्या वाटेस लागतो. पाणी पाजणारा त्याला नाव विचारीत नाही, गावही विचारीत नाही. परंतु एवढी उदारता अंगी असूनही तो आपले रांजण उघडे टाकून कोठे जात नाही. पाणी स्वच्छ राहील, वाया जाणार नाही आणि दिवसाच्या अखेरीस येणाऱ्या वाटसरूसही पुरेल, याची काळजी तो वाहत असतो.

विद्यार्थिमित्रांनो, अशीच एक पाणपोई आज पुष्कळांच्या खिशात असते. मात्र तिचे पाणी डोळ्यांना दिसत नाही. आपल्या भ्रमणध्वनीवर, म्हणजे मोबाईलवर, येणारे आंतरजाल, म्हणजेच इंटरनेट, शेजारच्या संगणकास किंवा दुसऱ्या भ्रमणध्वनीस वाटून देता येते. या सोयीस ‘हॉटस्पॉट’ असे म्हणतात. साधन नवे आहे खरे. पण त्यामागील देणेघेणे जुनेच आहे, आणि म्हणून देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा धर्मही जुनाच आहे.

या सोयीचे मोल आपणांस विशेषेकरून कळले ते २०२० साली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या. वर्ग ओस पडले, फळे कोरे राहिले आणि शिक्षक आंतरजालावरून पाठ देऊ लागले. तुम्ही त्या वेळी फार लहान असाल. परंतु थोरल्या भावंडांना विचारा, ती सांगतील. ज्या घरी शिकणारी मुले तीन आणि जोडणी असलेला भ्रमणध्वनी एकच, त्या घरी कोणी शिकावे आणि कोणी थांबावे, असा पेच रोज पडे. कोकणातील डोंगराळ भागात तर संदेशलहरी घरापर्यंत पोहोचतच नसत. तेव्हा काही विद्यार्थी वह्यापुस्तके घेऊन डोंगर चढले आणि तेथे झोपडी उभारून अभ्यासास बसले. अशा दिवसांत दादाने आपल्या भ्रमणध्वनीचे आंतरजाल वाटावे आणि धाकट्या बहिणीने सिमकार्ड नसलेल्या जुन्या भ्रमणध्वनीवर आपला पाठ ऐकावा, हे अनेक घरांतून घडले. जे उपकरण निरुपयोगी म्हणून कपाटात पडले होते, ते या एका सोयीमुळे पाटी-पुस्तक बनले.

पुढे शाळा पुन्हा भरल्या; परंतु आंतरजालाची गरज सरली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज, शेताचा सातबारा, ही सारी कामे आता आंतरजालावरून होतात. अर्ज भरण्याची अखेरची तारीख कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी ज्याच्याकडे जोडणी आहे, त्याने शेजारच्या मुलीच्या संगणकास घटकाभर ती दिली, तर तिचे एक वर्ष वाचू शकते.

आता हे वाटप घडते कसे, ते पाहू. प्रकाशाप्रमाणेच, परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा विद्युत्-चुंबकीय लहरी असतात. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास अशा लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली होती. त्याच जातीच्या लहरींच्या द्वारे आपला भ्रमणध्वनी गावाजवळच्या उंच मनोऱ्याशी सतत बोलत असतो. हॉटस्पॉट सुरू केला की तो आणखी एक काम अंगावर घेतो. मनोऱ्याकडून जे मिळेल ते दुसऱ्या लहरींवरून आसपासच्या उपकरणांना पुरवू लागतो. म्हणजे तो स्वतःच एक चिमुकला मनोरा बनतो. या दुसऱ्या लहरींच्या पद्धतीस ‘वायफाय’ असे नाव आहे. तिचे दोन पट्टे सामान्यतः वापरात आहेत. २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी भिंती ओलांडून अधिक दूर जातात, पण त्यांवरून माहिती सावकाश वाहते. ५ गीगाहर्ट्झच्या लहरींवरून ती वेगाने वाहते, पण एक-दोन भिंती आड आल्या की त्या क्षीण होतात. म्हणून जोडणी संथ वाटू लागली, तर दोन्ही उपकरणे जवळ आणून ठेवणे हा पहिला उपाय होय.

एकाच भ्रमणध्वनीवरून चार जणांनी चार गोष्टी मागविल्या, तर ज्याचे त्यास कसे मिळते? त्यांची गल्लत का होत नाही? यासाठी जुन्या पुण्यातील एखादा वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा एक, पण त्यात बिऱ्हाडे अनेक. टपाल येते ते वाड्याच्या पत्त्यावर. आत कोणते पत्र कोणाचे, हे पाहून ते त्या त्या खोलीत पोहोचविले जाते. हॉटस्पॉट सुरू केलेला भ्रमणध्वनी हेच काम करतो. तो प्रत्येक उपकरणास आतल्या आत एक क्रमांक देतो, कोणी काय मागितले याची नोंद ठेवतो आणि उत्तर येताच ते अचूक त्याच्याच हाती देतो. बाहेरच्या जगास मात्र बहुधा वाड्याचा पत्ता तेवढा दिसतो. आतील बिऱ्हाडे दिसत नाहीत. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. तिचे महत्त्व पुढे कळेल.

वायफायखेरीज वाटपाचे आणखी दोन मार्ग आहेत. एक तारेचा. भ्रमणध्वनी यूएसबीच्या तारेने संगणकास जोडला, तर जोडणी स्थिर राहते आणि संगणकाकडून भ्रमणध्वनीस वीजही मिळते. दुसरा मार्ग ‘ब्लूटूथ’चा. यात वीज थोडी लागते, पण वेगही थोडाच मिळतो. या नावाची कथा मोठी मौजेची आहे. दहाव्या शतकात डेन्मार्क देशात हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला. ‘निळ्या दाताचा’ असे त्याचे टोपणनाव होते. विखुरलेल्या टोळ्यांना त्याने एका छत्राखाली आणले. निरनिराळ्या यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या या पद्धतीस १९९७ साली त्याचेच नाव सुचविण्यात आले, आणि तिचे चिन्हही त्याच्या नावाची दोन आद्याक्षरे प्राचीन लिपीत एकत्र गुंफून तयार केलेले आहे.

येथवर सोय पाहिली. आता मर्यादा पाहू. रांजण कितीही मोठा असला, तरी त्यास तळ असतो. पुष्कळ योजनांत दिवसाला दीड किंवा दोन गीगाबाईट एवढाच वाटा मिळतो. एक गीगाबाईट म्हणजे सुमारे एक हजार मेगाबाईट. एखादा साधा अर्ज भरण्यास त्यांतील थोडेच मेगाबाईट लागतात; परंतु तासभर स्पष्ट चलच्चित्र पाहावे, तर एक गीगाबाईट किंवा त्याहूनही अधिक खर्ची पडते. वाटा संपला की जोडणी एकदम मंदावते, आणि मग पान उघडण्याची वाट पाहत बसावे लागते. त्यातून संगणकाची एक खोड आहे. आपणांस मिळालेली जोडणी अमर्याद आहे असे समजून तो पडद्याआड स्वतःच्या प्रणालीची नवी आवृत्ती उतरवून घेऊ लागतो. कोणी काही पाहिले नाही, कोणी काही ऐकले नाही, तरी दुपारपर्यंत रांजण रिकामा! यावर उपाय सोपा आहे. जोडणी मोजकी आहे, असे संगणकाच्या सेटिंगमध्ये नोंदविता येते. मग तो हात आखडता घेतो. भ्रमणध्वनीचेही भान ठेवले पाहिजे. मनोऱ्याशी आणि उपकरणांशी अशा दोन्हीकडे एकाच वेळी बोलावे लागल्यामुळे तो तापतो व त्याची बॅटरी लवकर उतरते. काम संपताच हॉटस्पॉट बंद करावा, हे उत्तम.

मर्यादेहून मोठा प्रश्न आहे तो रक्षणाचा. पूर्वी गडाचे दरवाजे सूर्यास्तास बंद होत आणि रात्री जो येई, त्यास पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. ठरलेला शब्द जो सांगेल तो आपला. हॉटस्पॉटलाही असाच परवलीचा शब्द असतो. त्यालाच ‘पासवर्ड’ म्हणतात. तो निदान आठ अक्षरांचा असावा लागतो. एक ते आठ अंक ओळीने लिहिणे किंवा स्वतःची जन्मतारीख देणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबरठ्यावर ठेवण्यासारखे आहे. लांब, आपणांस आठवेल आणि इतरांस सुचणार नाही, असा शब्द निवडावा. पाहुण्यांना तो द्यावा लागला, तर ते गेल्यावर बदलावा.

कोणी म्हणेल, “एवढे कशासाठी? चार शेजाऱ्यांनी वापरले, तर काय बिघडले?” आता वाड्याची उपमा आठवा. बाहेरच्या जगास पत्ता दिसतो तो वाड्याचा, बिऱ्हाडाचा नव्हे. अनोळखी मनुष्याने तुमच्या जोडणीवरून कोणास धमकी दिली किंवा कोणाची फसवणूक केली, तर चौकशी प्रथम येईल ती सिमकार्ड ज्याच्या नावावर आहे त्याच्या दाराशी. ते सिमकार्ड बहुधा तुमच्या वडिलांच्या किंवा आईच्या नावावर असते. ज्याने अपराध केला नाही, त्यास उत्तरे द्यावी लागतील. म्हणून जोडणी जरूर द्यावी. पण कोणास दिली, हे आपणांस ठाऊक असावे, आणि घरच्या मोठ्यांस विचारल्यावाचून ती देऊ नये.

जी सावधगिरी देणाऱ्याने बाळगावयाची, ती घेणाऱ्यानेही बाळगली पाहिजे. बसस्थानकावर किंवा रेल्वे स्थानकावर एखादी बिनशब्दाची जोडणी दिसली, म्हणजे ती उपकारासाठीच ठेवली असेल असे नाही. कोणीही आपल्या हॉटस्पॉटला हवे ते गोड नाव देऊ शकतो. रांजण कोणाचा हे न पाहता ओंजळ पुढे करू नये. आणि परक्या जोडणीवरून बँकेचे व्यवहार तर मुळीच करू नयेत.

घेणाऱ्याचे आणखी एक कर्तव्य आहे. मागताना काम सांगावे, तेवढेच करावे आणि जोडणी सोडून द्यावी. शेजाऱ्याने अर्ज भरण्यासाठी दिलेल्या वाट्यावर चित्रपट पाहणे, हे पाणपोईच्या पाण्याने पाय धुण्यासारखे आहे. पाणी पाजणारा सभ्यपणामुळे काही बोलणार नाही. परंतु दुसऱ्या दिवशी पाणपोई घालताना त्याचा हात कचरेल, आणि त्याची झळ एखाद्या खऱ्या तहानलेल्यास लागेल. एकाच्या अविवेकाने दुसऱ्याचे दार बंद होते, ते असे.

म्हणून उदारतेला हिशेबाची जोड हवी, आणि हिशेबाला उदारतेची. केवळ हिशेब पाहणारा आपला वाटा जपून ठेवील. पण मध्यरात्री त्या दिवसाचा उरलेला वाटा बहुधा लोपून जातो, आणि तो ना त्याच्या उपयोगी पडतो, ना इतरांच्या. केवळ उदार असणारा रांजण उघडा टाकील, आणि ज्याला खरी गरज होती त्याच्या ओंजळीत थेंबही पडणार नाही. दोन्ही गुण ज्याच्या ठायी आहेत, त्याच्या दारी मात्र दोन मुले बसून आपला अभ्यास पुरा करतील. रांजणातील पाणी दिल्याने कमी होते, हे खरे. पण त्या पाण्यावर जी विद्या वाढली, ती कितीही वाटली तरी उणी होत नाही.

शब्दार्थ

तृषा – तहान. ओगराळे – लांब दांड्याचे पाणी वाढण्याचे भांडे. पेच – अडचण. क्षीण – दुर्बळ. बिऱ्हाड – राहण्याची भाड्याची जागा. तेथे राहणारे कुटुंब. चलच्चित्र – हलते चित्र, व्हिडिओ. परवलीचा शब्द – ओळख पटविण्यासाठी ठरविलेला गुप्त शब्द. कचरणे – मागेपुढे पाहणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हॉटस्पॉट म्हणजे काय?
(आ) ‘ब्लूटूथ’ हे नाव कोणाच्या टोपणनावावरून पडले?
(इ) परवलीचा शब्द निदान किती अक्षरांचा असावा लागतो?

२. कारणे द्या.
(अ) हॉटस्पॉट सुरू असता भ्रमणध्वनीची बॅटरी लवकर उतरते.
(आ) अनोळखी माणसास आपली जोडणी देऊ नये.
(इ) संगणकास जोडणी मोजकी असल्याचे कळवावे लागते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वाड्याच्या उपमेतून लेखकाने कोणत्या दोन गोष्टी समजाविल्या आहेत?
(आ) ‘एकाच्या अविवेकाने दुसऱ्याचे दार बंद होते’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
ओस पडणे, अंगावर घेणे, हात आखडता घेणे, खर्ची पडणे.

५. विग्रह करून समास ओळखा.
देणेघेणे, वह्यापुस्तके, सूर्यास्त.

६. उपक्रम : घरातील मोठ्यांच्या संमतीने भ्रमणध्वनीवरील आठवड्याभराच्या वापराची रोज नोंद करा. त्यांतील किती वाटा अभ्यासासाठी, किती कामासाठी आणि किती करमणुकीसाठी गेला, याचा तक्ता तयार करून वर्गात वाचून दाखवा.