पुराच्या पट्ट्यातला धंदा : काय करावे, काय टाळावे

कोल्हापूर-सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. तापमानवाढीने असा धोका वाढतो : हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे नदीकाठच्या व्यापाऱ्याने आता भाडे, वीजबिल यांच्याच रांगेत पुराचाही खर्च धरायला हवा. तो आधी केला तर थोडक्यात भागते. नाही केला तर भांडवल जाते.

काय करावे

- गाळा घेण्याआधी पूररेषा पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कर्ज दहा वर्षांचे असेल, तर तेवढ्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता तीनात एक आहे.
- विमा मालाच्या खऱ्या किमतीचा काढा. माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ४ लाखांचे, तर भरपाईही निम्मीच मिळते, हाती साधारण २ लाखच पडतात. दिवाळीआधी साठा वाढतो, तेव्हा विम्याची रक्कमही वाढवा.
- योग्य पॉलिसी मागा. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. तिच्यात पुराचे नुकसान येते. धंदा बंद राहिल्याने बुडालेल्या नफ्याचे संरक्षण मात्र वेगळे घ्यावे लागते.
- माल कधी हलवायचा ते आजच ठरवा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. इशारा पातळीलाच हलवाहलव सुरू करा. टेम्पो कोणाचा, माल कुठे ठेवायचा, हे कामगारांनाही माहीत असू द्या.
- मीटर, पॅनेल, संगणक उंचावर घ्या. स्टॉक रजिस्टर आणि बिलांची प्रत गावाबाहेर किंवा ऑनलाइन ठेवा.

काय टाळावे

- जुन्या पुराच्या खुणेवर विसंबू नका. २००५ ची खूण शेवटची मानणाऱ्यांचा माल २०१९ मध्ये भिजला; कोल्हापूर-सांगलीत पाणी त्याहून वर चढले.
- ‘बँकेने विमा काढलाय’ यावर थांबू नका. तो कर्जापुरता असू शकतो. पॉलिसी वाचा; गोडाऊनचा पत्ता तिच्यात नसेल, तर तिथल्या मालाची भरपाई अडते.
- भिजलेली मोटर लगेच चालू करू नका. आधी वाळवून, तपासून घ्या. नाहीतर वाचलेले यंत्रही जळते.
- फोटो काढल्याशिवाय माल फेकू नका. विमा कंपनीला तातडीने कळवा, सर्व्हेअरला नुकसान दाखवा.
- सरकारी मदतीवर पुढच्या हंगामाचे गणित मांडू नका. ती मिळते तेव्हा आधार होतो, पण तिने दुकान पुन्हा भरत नाही. महिन्याभराचे पगार आणि हप्ते भागतील एवढी रक्कम बाजूला ठेवा.
- ओढ्या-नाल्यात भराव घालू नका, घालू देऊ नका. एकाने जागा वाढवली की पाणी शेजारच्या दहा दुकानांत शिरते. भराव दिसला की व्यापारी संघटनेने तो पावसाळ्याआधीच लेखी तक्रार करून काढायला लावावा.