पिल्लाला कवच फोडायला मदत केव्हा करावी?

कोंबडीचे अंडे साधारण २१ दिवसांत उबते. शेवटच्या टप्प्यात पिल्लू आधी रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालून फुप्फुसाने श्वास घेऊ लागते, मग कवचाला पहिली भेग पाडते. त्यानंतर ते बारा ते चोवीस तास जवळजवळ काहीच करत नाही, आणि घाई होते ती इथेच. पिल्लू अडकलेले नसते. या वेळात आतल्या पडद्यातील रक्त त्याच्या शरीरात परतत असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. तेव्हा कवच सोलले तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावू शकते.

भेग पडून चोवीस तास उलटले आणि काहीच प्रगती नाही, कवच गोलाकार कापायला सुरुवात होऊन काम तासन्‌तास थांबले, किंवा पडदा वाळून चामड्यासारखा अंगाला चिकटला, तरच हात घालावा. भेग निमुळत्या टोकाला असेल तर अधिक लक्ष ठेवावे. पडदा कोमट पाण्याने, चोचीपासून दूर, किंचित ओला करून पाहावा. लाल शिरा दिसल्या तर अंडे परत उबेत ठेवावे. शिरा नसतील तर हवेच्या पोकळीवरचे कवच चिमटीने थोडे थोडे काढावे. रक्ताचा थेंब दिसताच थांबावे. शेवटचा जोर पिल्लालाच लावू द्यावा.

पडदा वाळतो तो बहुधा उबवणी यंत्रातील दमटपणा घटल्याने. म्हणून अठराव्या दिवसानंतर आर्द्रता ६५ ते ७० टक्के राखावी आणि झाकण वारंवार उघडू नये. खुडूक कोंबडीखालची अंडी सहसा तिच्यावरच सोपवावीत.