एकच मोबाइल, अख्खा वर्ग

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत एकच जुना मोबाइल आहे, रेंजही जेमतेम. ऑगमेंटेड रिॲलिटी वापरता येईल का?

उत्तर : येईल की! छापील चित्र ओळखून त्यावर त्रिमितीय प्रतिमा उभी करणारं ॲप निवडा. मोकळ्या जमिनीवर प्रतिमा उभी करणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड ॲपना गूगलची ‘एआरकोअर’ ही सॉफ्टवेअर प्रणाली लागते. जुने फोन तिथेच अडतात. ॲप घरीच डाउनलोड करून फ्लाइट मोडवर चालवून बघा. चित्राला लॅमिनेशन नको, चकाकीने कॅमेरा गोंधळतो. फोन स्टँडवर बसवा आणि चित्र मुलांच्या हाती द्या. कागद फिरवला की प्रतिमाही फिरते. हृदयाच्या झडपा, ग्रहमाला जरूर दाखवा. जास्वंदीसाठी मात्र हा खटाटोप कशाला? सरळ फूलच आणा.