ठेका उत्सवाचा, आशय वियोगाचा
लोकप्रिय गीतांतील दुःखाचा एक अभ्यास

दरवर्षी 14 एप्रिलच्या सायंकाळी बीड, माजलगाव, अंबाजोगाई, गेवराई, परळी अशा गावोगावी मिरवणुका निघतात. ध्वनिवर्धकांवरून भीमगीते वाजू लागतात आणि वृद्धांपासून बालकांपर्यंत सर्वांची पावले आपोआप थिरकतात. त्या गर्दीत कोणालाही विचारले, तर ही आनंदाची गाणी आहेत असेच उत्तर मिळेल. परंतु यांतील अनेक गीतांचे शब्द वहीत उतरवून चालीवाचून वाचले, तर निराळेच चित्र दिसू लागते. एका गीतात संसाराची ओढाताण सोसणारी रमाई असते. दुसऱ्यात 6 डिसेंबरची काळरात्र असते. तिसऱ्यात नामांतरासाठी प्राण दिलेला तरुण असतो. पाय नाचत असतात आणि शब्द वियोगाची कथा सांगत असतात.

ही विसंगती आहे की परंपरा? आणि आपल्या मुलांना तिची ओळख करून द्यावी का? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

1. चाल आणि शब्द यांचा प्रवास

गीत ऐकताना शब्दांआधी ताल शरीरापर्यंत पोहोचतो. आठ मात्रांचा केरवा द्रुत लयीत वाजू लागला की मान डोलते आणि टाळी पडते. त्यासाठी अर्थ कळावा लागत नाही. अर्थ समजण्यास मात्र लक्ष द्यावे लागते, आणि नाचणाऱ्याचे लक्ष शब्दांवर नसते. म्हणून चाल उल्हासाची असेल तर आतील दुःख कित्येक वर्षे अनोळखी राहू शकते. एखादे गीत तोंडपाठ असूनही आपण ते कधी ऐकलेलेच नसते, असे म्हणता येईल.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे 1984 मधील ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गीत त्याच्या दणदणीत धृपदामुळे देशाभिमानाचा जयघोष म्हणून गाजले. प्रत्यक्षात त्यात व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, काम न मिळालेल्या आणि सर्व बाजूंनी नाकारल्या गेलेल्या एका कामगाराचे दुःख आहे. धृपद ऐकून मूठ उंचावणाऱ्या अनेकांपर्यंत कडवी पोहोचलीच नाहीत.

याहून जुनी आणि आपल्याला अधिक जवळची साक्ष फ्रेडरिक डग्लस यांची आहे. गुलाम म्हणून जन्मलेल्या आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते झालेल्या डग्लस यांचे आत्मचरित्र 1845 साली प्रसिद्ध झाले. गुलामांची गाणी ऐकून ते सुखी आहेत असा निष्कर्ष काढणाऱ्यांविषयी त्यांनी आश्चर्य व्यक्त केले आहे. गुलाम सर्वाधिक दुःखी असतात तेव्हाच ते सर्वाधिक गातात, असा त्यांचा अनुभव होता. अत्यंत करुण भाव अत्यंत उल्हासाच्या सुरात आणि उल्हासाचा भाव करुण सुरात गायला जाई, हेही त्यांनी नोंदवले आहे. याच गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन जनतेस महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, हे येथे आठवावे. दोन दूरच्या समाजांच्या दुःखांत जोतीरावांना जे साम्य दिसले, ते त्यांच्या गाण्यांतही आढळते.

2. आनंदी चाल का निवडली गेली?

महाकवी वामनदादा कर्डक यांचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. शालेय शिक्षणाची संधी त्यांना मिळाली नाही. अक्षरओळख झाली ती मुंबईत, कष्टकरी म्हणून राहत असताना, मोठ्या वयात. त्यांच्या वैयक्तिक जीवनात सुख फारसे नव्हते. पहिला संसार मोडला आणि मीरा ही कन्या बालवयातच गेली. तरीही 15 मे 2004 रोजी निधन होईपर्यंत हा कवी महाराष्ट्रभर खेडोपाडी गात फिरला, आणि त्यांच्या कित्येक गीतांना लोकांच्या ओठी रुळलेल्या चाली होत्या.

अशा चाली निवडण्यामागे व्यवहार होता. ज्या श्रोत्यांसाठी ही गीते होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते. ओळखीच्या चालीवरचे गाणे एकदा ऐकून घरी नेता येते. चित्रपटगीत, कव्वाली, लावणी, भजन ही सर्व साधने त्यामुळे उपयोगी पडली. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री कव्वालीच्या सामन्यासाठी जागत असे. तो जागा राहावा, त्याने टाळी द्यावी, कडव्यातला विचार त्याच्या गळी उतरावा, यासाठी ठेका खेळकर ठेवणे भाग होते.

दुसरे कारण स्वाभिमानाचे आहे. गावगाड्यात हलगी लग्नातही वाजे आणि मयतातही. दुसऱ्याच्या सुखदुःखाची खबर परगावी पोहोचवणे हे लादलेले काम होते. स्वतःचा उत्सव मात्र त्या वाजवणाऱ्यांच्या वाट्याला येत नसे. ज्या समाजाला रस्त्यावरून ताठ मानेने चालणे नाकारले गेले, त्याने त्याच रस्त्यावरून वाजतगाजत जाणे याला अर्थ आहे. आपले दुःख इतरांच्या दयेसाठी मांडावयाचे नाही, ही भूमिका त्या जल्लोषात असते. म्हणून मिरवणुकीत नाचणाऱ्या मुलांना कोणी केवळ उथळ म्हणत असेल, तर ते अन्यायाचे ठरेल.

तिसरे कारण सामूहिकतेचे. एकटा माणूस रडतो. समूहाला एकत्र रडण्यापेक्षा एकत्र गाणे अधिक जमते. किसा गौतमीची कथा आपणा सर्वांना परिचित आहे. मृत बाळाला कवटाळून आलेल्या त्या मातेला तथागतांनी, ज्या घरात कोणाचाही मृत्यू झालेला नाही अशा घरातून मोहरी आणण्यास सांगितले. दारोदार फिरल्यावर तिला मोहरी मिळाली नाही. पण प्रत्येक उंबऱ्यावर कोणीतरी गमावल्याची कथा मिळाली. शंभर माणसे एकाच ठेक्यावर टाळी देत रमाईच्या लेकरांचे गाणे गातात, तेव्हा अशाच तऱ्हेने घराघरांतील दुःख एकमेकांना भेटते.

3. तीन उदाहरणे

(अ) रमाईची गीते. त्यागमूर्ती रमाबाई आंबेडकर यांच्यावरील अनेक गीते आज वेगवान तालावर वाजतात. त्यांच्यामागील वास्तव असे : पाच अपत्यांपैकी चार बालवयातच गेली आणि केवळ यशवंत राहिले. राजरत्नचा मृत्यू 1926 चा. पती 1913 ते 1917 अमेरिका व इंग्लंडमध्ये आणि पुन्हा 1920 ते 1923 लंडनमध्ये शिकत असताना घराचा भार त्यांच्यावर होता. 27 मे 1935 रोजी राजगृह येथे त्यांचे निधन झाले. हे माहीत असणारा विद्यार्थी तेच गाणे निराळ्या मनाने ऐकेल.

(ब) ‘माझी मैना गावावर राहिली’. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख यांच्या आवाजात गाजली. छक्कड हा लावणीच्या कुळातील, ठसकेबाज चालीचा प्रकार. ऐकणाऱ्यास प्रथम वाटते की हे शृंगाराचे गाणे आहे. मात्र पोटासाठी मुंबईस आलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची पत्नी यांची ही ताटातूट आहे. आणि शेवटी तीच ताटातूट महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या बेळगाव, कारवारसारख्या मराठी मुलखाची होऊन जाते. एका घराचा वियोग एका प्रदेशाचा होतो, तोही डफ-ढोलकीच्या साथीवर.

(क) नामांतराची गीते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत घरे आणि माणसे गेली. आज 14 जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी लोटणारी गर्दी विजयाची गाणी गाते. त्या विजयाची किंमत मात्र गाण्यातल्या नावांतच सापडते. नावे ऐकली नाहीत तर हाती फक्त ठेका उरतो.

4. आपल्या जिल्ह्यातील दोन आवाज

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचे विशाल संकलन उभारले. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या कार्यात 1996 मध्ये आपल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या. बाबासाहेब, रमाई आणि तथागत त्यांत घरच्या माणसांसारखे येतात. जात्याची लय संथ असल्यामुळे या ओव्यांत शब्द दडत नाही. दळणारी स्त्री आणि ऐकणारी शेजारीण यांच्यामध्ये कोणतेही यंत्र नसते. पुढे पिठाची गिरणी आली, पहाटेचे श्रम वाचले हे चांगलेच झाले. पण त्या श्रमांसोबत सावकाश ऐकण्याची एक जागाही गेली.

दुसरा आवाज ऊसतोडीच्या वाटेवरचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची गणना होते. परत यायचे ते उन्हाळ्याच्या तोंडावर. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात उडत्या चालीची गाणी लावलेली असतात. रात्री रस्त्याने जाणाऱ्यास तो गोंगाट वाटतो. पण चालकाला त्या आवाजाने झोप येत नाही आणि मागे राहिलेले घर काही तास विसरता येते. तेथे गाण्याचा शब्द दुःखाचा असो वा नसो, ऐकणाऱ्याचे दुःख त्यात मिसळलेले असतेच.

निवासी शाळेशी हा विषय थेट जोडलेला आहे. ऊसतोड कामगारांची मुले हंगामात आईवडिलांपासून दूर राहून शिकतात. स्नेहसंमेलनात तीच मुले सर्वांत पुढे येऊन नाचतात, आणि आपण समाधानाने म्हणतो, लेकरू रुळले. खरोखरच रुळलेले असेल. मुलांच्या आनंदावर संशय घेऊ नये. परंतु गाण्यासारखेच मुलाचेही असते. ठेका पाहून आत सर्व ठीक आहे असे मानणे सोपे जाते. नाच संपल्यावर त्याच्याजवळ बसून घरची आठवण विचारणारे कोणी असावे लागते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हे सांगण्याची आवश्यकता नाही.

5. गीत कसे ऐकावे : एक छोटा पाठ

वर्गात किंवा घरी पुढील क्रमाने एखादे गीत अभ्यासता येईल.

पहिली पायरी : गीताचे शब्द वहीत लिहावेत आणि चाल न लावता मोठ्याने वाचावेत. वाचताना कोठे थांबावेसे वाटते, तेथे खूण करावी.

दुसरी पायरी : गीतात कोण बोलत आहे आणि कोण अनुपस्थित आहे, हे शोधावे. वियोगाच्या गीतात अनुपस्थित व्यक्ती हाच बहुधा गाभा असतो.

तिसरी पायरी : गीतात आलेली माणसे, गावे आणि दिनांक यांची माहिती मिळवावी. अर्धा इतिहास येथेच उलगडतो.

चौथी पायरी : तेच गीत अर्ध्या लयीत गाऊन पाहावे. चाल संथ होताच भाव बदलतो का, यावर चर्चा करावी.

पाचवी पायरी : पुन्हा मूळ ठेक्यात, टाळ्यांसह गावे. अर्थ कळल्यावरचा आनंद आणि आधीचा आनंद यांतील फरक ज्याने त्याने अनुभवावा.

पाचवी पायरी वगळू नये. दुःख समजले म्हणून उत्सव थांबवावा, असा या पाठाचा हेतू नाही. दुःख आहे हे जाणणे ही तथागतांच्या शिकवणीची सुरुवात आहे, पण ती शिकवण तेथे थांबत नाही. दुःखाचे कारण आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्गही ती दाखवते. आपल्या गीतकारांनीही दुःखाला चालता येईल असा ठेका दिला. तो ठेका पुढच्या पिढीकडे जात आहेच. त्यासोबत शब्दही जावेत, एवढीच काळजी घ्यावयाची आहे.

6. माजी विद्यार्थी आणि पालकांस विनंती

आपल्या घरी आजी, आई, मावशी किंवा आत्या यांना जी गाणी आणि ओव्या पाठ असतील, त्या त्यांच्याकडून एकदा सावकाश म्हणून घ्याव्यात आणि वहीत उतरवाव्यात. गीत कोणाकडून ऐकले, कोणत्या प्रसंगी गायले जाई, त्यातील माणसे कोण, हेही शेजारी लिहून ठेवावे. भ्रमणध्वनीवर आवाजही जपता येईल. उन्हाळ्यात फड संपवून घरी परतणाऱ्या आयांनी एखादी ओवी मुलांना सांगितली, तर जूनमध्ये शाळेत येणाऱ्या मुलाच्या वहीत ती असेल. जयंतीच्या मिरवणुकीतही दर तासाला एक गीत ध्वनिवर्धक मंद करून, शब्द ऐकू येतील अशा रीतीने सर्वांनी मिळून गावे. खर्च काहीच नाही. वाद्ये थांबलेल्या त्या पाच मिनिटांत आपल्या मुलांना कळेल की आपण नाचत होतो ते गाणे कोणाचे होते, आणि ते गाणाऱ्याने काय गमावले होते.