दुसऱ्या फेरीचा खर्च

छावणी, छत्रपती संभाजीनगर

चि. बाळू,

ठेकेदारीचा परवाना तुझ्या हाती आल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. वायरमन म्हणून तुझं काम स्वच्छ असतं, ते मी पाहिलं आहे. आता मात्र चार जणांकडून तसंच काम करून घ्यायचं आहे. त्यासाठी एकच गोष्ट मनापासून सांगतो : आपल्या धंद्यातला नफा दुसऱ्या फेरीत जातो. विसरलेलं सामान आणायला, चुकलेला पॉइंट हलवायला, झालेल्या कामाची तक्रार निस्तरायला पुन्हा जावं लागतं आणि त्या फेरीचे पैसे कोणी देत नाही. ती फेरी टळेल अशी कामाची आखणी कर.

सुरुवात पाहणीपासून. छावणीतल्या जुन्या घरांच्या भिंती दगड-चुन्याच्या, चांगल्या जाड. तिथे नव्या फ्लॅटचा पॉइंटचा दर लावलास तर झिरी मारण्यातच मजुरी संपेल. म्हणून आकडा सांगण्याआधी भिंत ठोकून बघ, छत बघ, मीटरपासून बोर्डापर्यंतचं अंतर टेपनं मोज. गीझर कुठे, मिक्सर कुठे, पुढे एसी लावायचा आहे का, हे घरातल्या बायकांना विचार. स्वयंपाकघराचं खरं गणित त्यांनाच ठाऊक असतं. दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, एसी-गीझरला 4 चौरस मिलिमीटरची वायर, असा खोलीवार हिशेब कागदावर मांडून मालकाची सही घे. तांब्याचा भाव सारखा हलतो, तेव्हा कोटेशन किती दिवस लागू राहील तेही लिही. सामान आदल्या संध्याकाळी यादीवर खूण करत गाडीत भर. गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार असतो. त्या दिवशी इकडे टेम्पो पाठवू नकोस. टेम्पो गर्दीत अडकला की कामावरची माणसं सामानाची वाट बघत बसतात.

पाइप टाकून झाले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढ. दोन वर्षांनी कोणी खिळा ठोकायला विचारेल, तेव्हा फोनवरच उत्तर देता येईल. डीबीतल्या प्रत्येक एमसीबीखाली खोलीचं नाव मराठीत लिही. माणसांना शॉकपासून वाचवण्यासाठी 30 मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी लागते; बजेट कमी म्हणून ती गाळू नकोस, शोभेचे दिवे कमी कर. काम सोपवण्याआधी 500 व्होल्टचा मेगर मिनिटभर लाव. इन्सुलेशन 1 मेगाओमच्या खाली दिसलं तर सप्लाय द्यायचाच नाही.

अर्थिंगकडे जास्तच लक्ष दे. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी वरची माती थोडी आणि खाली काळा पाषाण. श्रावणात अर्थ टेस्टर लावला की आकडा छान येतो. वैशाखात तोच खड्डा कोरडा पडतो आणि आकडा चढतो. उन्हाळ्यात स्वतःहून जाऊन मोजून ये, खड्ड्यात पाणी घालायला लाव. ही एक फेरी मात्र चुकवू नकोस. तिनं जीव वाचतो, गिऱ्हाईकही जोडलं जातं.

आणि न पाहिलेल्या कामाच्या टेस्ट रिपोर्टवर कधीही सही करू नकोस, मग आणणारा कितीही जवळचा असो. त्या सहीवर विश्वास ठेवून त्या घरातली पोरं खटके दाबणार असतात.

आता बदलाचं बोलू. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरगुती छतावर 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठा सोलर संच बसवला तर केंद्राचं 78,000 रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे विचारणा खूप आहे. हे काम जरूर घे, पण आधी नीट शिकून घे. घरातला एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून खटका उघडताना झालेली ठिणगी विझायला मदत होते. पॅनेलकडून येणारा डीसी शून्यावर येतच नाही. तिथे साधा एसी प्रवाहाचा एमसीबी लावला तर ठिणगी तुटत नाही, आग लागू शकते. डीसीसाठीचाच एमसीबी आणि आयसोलेटर वापर. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरचंही तसंच : 7.4 किलोवॅटचा चार्जर तासन् तास 32 अॅम्पिअर ओढतो. आधी मंजूर भार बघ, मग स्वतंत्र लाइन टाक.

वाळूज आणि शेंद्र्यात कारखाने आहेतच, आता बिडकीनला टोयोटा आणि एथर येऊ घातले आहेत. अशा ठिकाणी ओळखीपेक्षा कागद चालतो : परवाना, कामगारांचा विमा, तपासणीच्या नोंदी. घरगुती कामात आत्तापासून नोंदींची सवय लावलीस तर मोठ्या कामाच्या वेळी धावपळ होणार नाही.

पैशाचं थोडक्यात. एका गिऱ्हाइकाच्या उचलीतून दुसऱ्याचं सामान आणू नकोस. धंदा मोडायची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. पाइप, वायरिंग, फिटिंग असे टप्पे पाडून त्या त्या टप्प्याचं बिल दे. पोरांची मजुरी ठरल्या दिवशी चुकती कर. आयटीआयची पोरं हाताशी धर, त्यांना मेगर वाचायला शिकव, सोलरच्या प्रशिक्षणाला पाठव. शिकून दुसरीकडे जातील, या भीतीनं त्यांना अडाणी ठेवू नकोस. अडाणी हातांनी केलेलं काम निस्तरायला तुलाच पुन्हा जावं लागेल.

पहिल्या कामाचं कोटेशन देण्याआधी मला पाठव. एकेक ओळ तपासून देतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा